अर्धी तयारी गाडीत, अर्धी घरात

आज आपण ट्रक ड्रायव्हरांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात ट्रक कुठून आला? पण आमच्या आष्टी तालुक्यात कुठल्याही बचत गटात जाऊन विचारा. दहा-बारा बायकांमध्ये दोघी-तिघींच्या घरचा माणूस गाडीवर असतोच. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा. रान कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. मग कुणी कोयता घेतो, कुणी स्टिअरिंग धरतो. कांद्याची, साखरेची, सिमेंटची गाडी बंगळूर-चेन्नईला जाते आणि घरची बाई आठ-आठ दिवस फोनची वाट बघत राहते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका गटातल्या ताईला रात्री साडेअकराला फोन आला. अनोळखी माणूस म्हणाला, "वहिनी, खंबाटकी घाटाजवळ तुमच्या माणसाची गाडी उलटलीय." एवढं बोलून फोन तुटला, तो पुन्हा लागलाच नाही. ताई आमच्या दारात आली. आम्ही विचारलं, गाडीचा नंबर काय? माहीत नाही. मालकाचा फोन? तो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल गाडीत. मालकाचं नाव? "ते शेठच म्हणतात." क्लीनर कोण होता? या खेपेला नवा होता. सांगा बरं, पोलिसांना फोन करून आम्ही काय सांगणार?

पहाटे तीन वाजता कळलं, की भाऊ एका दवाखान्यात आहेत. पाय मोडला होता, जीव वाचला होता. मग पैशाचा प्रश्न आला. गटाच्या खात्यात पैसे होते, पण सही करणाऱ्या दोघींपैकी एक माहेरी गेलेली. शिवाय नियम असा, की कर्ज महिन्याच्या बैठकीत ठराव झाल्याशिवाय द्यायचं नाही. शेवटी ताई गळ्यातली बोरमाळ मोडायची तयारी करून निघाली. बचत गट कशासाठी काढला होता, हे त्या रात्री आम्ही एकमेकींना विचारलं. चूक आमचीही होती.

त्यानंतर आम्ही पोलिस, दवाखान्यातली माणसं, विम्याचं काम करणारे आणि तीस-तीस वर्षं गाडी चालवलेले वस्ताद ड्रायव्हर यांच्याशी बोललो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अडचणीच्या वेळची अर्धी तयारी गाडीत असते आणि अर्धी घरात. गाडीतली ड्रायव्हरने करायची, घरातली आपण. आणि आपली तयारी अगदी एका कागदापासून सुरू होते.

भिंतीवरचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि मोठ्या अक्षरात लिहा. गाडीचा नंबर. मालकाचं पूर्ण नाव आणि फोन. ट्रान्सपोर्ट ऑफिसचा फोन. क्लीनरचं नाव आणि त्याच्या घरचा फोन. गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा, पॉलिसी नंबर काय आणि मुदत कधी संपते. लायसन्सचा नंबर आणि त्याची तारीख. मालवाहू गाडीचं लायसन्स दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी विमा कंपनी तोच मुद्दा काढते. म्हणून ही तारीख घरच्या बाईलाही ठाऊक हवी.

त्याखाली ड्रायव्हरचा रक्तगट लिहा. शुगर, बीपी, दमा असेल तर तेही लिहा. कुठली गोळी चालू आहे, कुठल्या औषधाची रिॲक्शन येते, हेही लिहा. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच आठवत नाही.

हा कागद कपाटात ठेवू नका. कॅलेंडरच्या शेजारी भिंतीला लावा, म्हणजे सासूबाईंना किंवा शाळेतल्या पोरालाही सापडेल. फोटो काढून शेजारणीच्या आणि गटाच्या सचिवाच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

गाडी निघताना रोज तीन गोष्टी विचारून लिहा. कुठून कुठे चाललात, माल काय आहे, कधी पोचणार. माल काय हे विचारायला लाजू नका. कांदा आणि ॲसिड यांच्या अपघातात फार फरक असतो.

असाच एक छोटा कागद ड्रायव्हरच्या खिशात हवा. त्यावर घरचे दोन फोन नंबर आणि रक्तगट. मोबाईलला लॉक असतं, बॅटरी उतरते, काच फुटते. खिशातला कागद कुणालाही वाचता येतो. आमच्या गटाने जुन्या जीनच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या आहेत. त्यात हा कागद, गोळ्या आणि वेगळे ठेवलेले पाचशे रुपये असतात. जेवणाच्या डब्याबरोबर ती पिशवी द्यायची.

आणखी एक. गाडी चालू असताना आपण फोन करायचा नाही. त्यांनी ढाब्यावर थांबल्यावर करायचा, अशी वेळ ठरवून घ्या. चुकून आपला फोन लागला आणि मागे इंजिनाचा आवाज आला, तर "थांबल्यावर करा" म्हणून लगेच ठेवा. आपल्या काळजीचा फोनच अपघाताचं कारण व्हायला नको.

गाडीतली तयारी

आता गाडीत काय हवं ते बघू. आपल्याला गाडी चालवता येत नसली, तरी हे विचारता येतं.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरा मारायचा. सगळी चाकं, स्टेपनीची हवा, पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, ऑईल, पाणी, ब्रेकची हवा, ताडपत्री आणि दोर. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. कुठे वायर उघडी पडली असेल, तर चिकटपट्टीवर भागवू नये. केबिनला आग लागायला अशी एक वायर पुरते.

सामानात प्रथमोपचार पेटी, बॅटरी, जॅक-पाना, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, लाल चमकणारा त्रिकोण आणि आग विझवायचं सिलेंडर हवं. सिलेंडर नुसतं टांगून उपयोग नाही. त्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि मुदत आहे ना, हे बघायचं. वापरताना पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत जायचं. वरच्या ज्वाळेवर मारलं तर सिलेंडर संपतं आणि आग तशीच राहते.

पाण्याचा पाच लिटरचा कॅन, चादर आणि न नासणारं खाणं हवं. आपल्याकडचे शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, दशम्या यांचा इथे उपयोग होतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की गाड्या दहा-बारा तास अडकतात. औषधं लागतील त्याहून दोन-तीन दिवसांची जास्त द्या. शुगरच्या माणसाला उपाशी राहून चालत नाही. त्याला घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच गाडी बाजूला घेऊन साखर खायची, हे त्याला आणि क्लीनरला दोघांनाही माहीत हवं.

कुठल्या वेळी काय करायचं

गाडी बंद पडली तर डाव्या कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे आणि त्रिकोण गाडीपासून निदान पन्नास-साठ पावलं मागे ठेवायचा. हायवेवर आणि वळणाच्या अलीकडे त्याहून जास्त. गाडीच्या मागे उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. बंद गाडीवर मागून दुसरी गाडी आदळते आणि मधला माणूस सापडतो. त्रिकोण नसला की आपले लोक दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. ठीक आहे, पण निघताना ते दगड उचलायला हवेत. आपण ठेवलेल्या दगडावर रात्री कुणाची तरी मोटारसायकल जाते.

घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं ही जिवाशी गाठ आहे. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा इंजिन भरतं. इंजिन बंद झालं की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर हवा संपत येते, स्टिअरिंगही जड होतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, तो तापतो आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक जळाल्याचा वास आला तर मोकळ्या जागी थांबून थंड होऊ द्यायचा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, ड्रम तडकतो.

झोपेचं तर सगळ्यात अवघड. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतंच. चहा-तंबाखूने ती थोडा वेळ ढकलली जाते, जात नाही. एकच वाक्य डोक्यात फिरतंय, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पट्टी सोडतेय, ही झोपेची खूण. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर वीस मिनिटं डोळे मिटले तरी फरक पडतो. इथे आपणही स्वतःला विचारायला हवं. "हप्ता भरायचाय, एक खेप जास्त मारा," "पोराच्या वाढदिवसाला रात्रीतून या," हे आपणच म्हणतो ना? मालकाची घाई आपल्या हातात नाही, आपली घाई आहे. "झोपून निघा, उशीर झाला तरी चालेल," हे घरून एकदा सांगा. त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

झोपायचं ते केबिनमध्ये, गाडीखाली नाही. गाडीखाली सावली असते हे खरं, पण कुणीतरी गाडी सुरू करतं आणि खाली माणूस आहे हे त्याला ठाऊक नसतं. थंडीत बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक करायचा तर गाडीबाहेर, डिझेलच्या टाकीपासून लांब.

कडबा, कापूस, उसाचं पाचट यांची गाडी उंच भरलेली असते. गावातल्या रस्त्यावर विजेची तार खाली लोंबत असते. तार गाडीला चिकटली तर घाबरून खाली उतरायचं नाही. आत बसून राहायचं, कशालाही हात लावायचा नाही आणि लोकांना लांब थांबायला ओरडून सांगायचं. लाईट बंद झाल्याची खात्री झाली की मगच उतरायचं. गाडीने पेट घेतला तरच बाहेर पडायचं. तेव्हा पायरीवरून एक पाय खाली टेकवायचा नाही. एक पाय जमिनीवर आणि हात गाडीला लागला, की करंट अंगातून जातो. दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय जमिनीला घासत, छोटी-छोटी पावलं टाकत दूर जायचं. हे आपल्या पोरांनाही शिकवा, कारण अशी गाडी पेटली की वाचवायला पहिले धावतात ते गावातलेच लोक.

अपघात झालाच तर हे नंबर पाठ हवेत. कुठलीही मदत हवी तर ११२. ॲम्ब्युलन्ससाठी १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, टोल नाका, पूल अशी खूण सांगायची.

ड्रायव्हर पळून का जातो? जमावाच्या माराला घाबरून. भीती खरी आहे. पण कायदा असं सांगतो, की ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात पोचवण्याची सोय करायची आणि पोलिसांना कळवायचं. जमाव चालून आला आणि तिथे थांबणं शक्यच नसेल, तर कायदा तेही समजून घेतो. तेव्हा ११२ ला फोन करून सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात जायचं आणि काय झालं ते सांगायचं. ठाण्यात गेलेला माणूस आणि पळालेला माणूस यांच्याकडे कोर्ट एका नजरेने बघत नाही.

आता उलट बाजू. आपलं गाव रस्त्यावर असेल, तर कधीतरी परक्या गावचा ड्रायव्हर आपल्यासमोर पडलेला असेल. त्याची बाई त्या वेळी घरी निवांत झोपलेली असेल. जखमीला मदत करणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. तुमच्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनापैसे उपचाराची योजना लागू केली आहे. योजनेतल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे. बक्षिसाचं सोडा, पण तो तास महत्त्वाचा.

आणि टँकर उलटला तर डबे घेऊन धावू नका, घरच्यांनाही धावू देऊ नका. सांडलेल्या पेट्रोलला पेटायला एक ठिणगी पुरते, मोटारसायकलला मारलेली किकसुद्धा. रस्त्यावर सांडलेलं डिझेल कुणाला श्रीमंत करत नाही.

नंतरची लढाई

अपघातानंतर घरातल्या बाईची खरी धावपळ सुरू होते. एफआयआरची प्रत, पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड हे सगळं एका पिशवीत जपा. पगारी ड्रायव्हर कामावर असताना जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई मिळणं हा त्याचा आणि घरच्यांचा हक्क आहे. ती मालकाची मेहरबानी नाही. "दहा हजार घ्या आणि इथे सही करा," म्हणत कुणी दारात आलं, तर कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका. दुसऱ्या गाडीची चूक असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वेळ घालवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपल्या ओळखीची आहे. वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७० चालतं आणि अपघाती मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. पण विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. मे महिन्यात खात्यात २० रुपयेसुद्धा नसले तर विमा बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून जून उजाडला की पासबुक भरून आणा आणि २० रुपयांची नोंद बोटाने शोधा. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही बघा. लग्नाआधी काढलेल्या खात्यावर अजून वारलेल्या आईचं नाव असतं, असं आम्ही पाहिलंय.

आता आमच्या गटाने काय बदललं ते सांगतो. आम्ही अडीअडचणीचा वेगळा निधी काढला. त्यातले पाच हजार रुपये रोख गटाच्या पेटीत असतात. दवाखान्याचं काम असेल तर तीन सदस्यांच्या संमतीने रात्रीसुद्धा द्यायचे आणि ठराव पुढच्या बैठकीत लिहायचा. सही करणारी गावाला जाणार असेल तर आधी सांगून जाते. त्याहून जास्त पैसे लागले तर ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मागायचे, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा हेही लिहून ठेवलंय.

त्या ताईचे कारभारी सात महिन्यांनी पुन्हा गाडीवर गेले. पाय थोडा ओढतात. सुरुवातीला भिंतीवरचा कागद बघून ते चिडले होते, "अपशकुन कशाला मांडून ठेवतेस?" म्हणाले. ताई काही बोलली नाही आणि तिने कागदही काढला नाही. मागच्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा मालक बदलला म्हणून कागदावरचा फोन नंबर खोडून नवा लिहिलेला होता. अक्षर ताईचं नव्हतं, कारभाऱ्यांचं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांनी आपला कागद लिहून आणा. जिला लिहिता येत नाही, तिचा शेजारणीने लिहावा. बैठकीत एकेकीला उभं करून विचारा, "गाडीचा नंबर काय?" जिला न बघता सांगता येईल, तिची अर्धी तयारी झाली.

सगळ्यांच्या गाड्या सुखरूप घरी येवोत.